एकच कॅथेड्रल बघायचं तर? ईली!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण इंग्लंडला येणारे सगळेच हे विचारतात, की वेळ कमी आहे, एकच जुनं कॅथेड्रल बघायचं तर कुठलं? माझं उत्तर ठरलेलं आहे, ईली. केंब्रिजहून ट्रेनने पाव तास, बस्स. सॉल्सबरीचं शिखर जास्त उंच आहे, डरहॅमचे खांब बघून तर बोलतीच बंद होते, मान्य. पण ईलीचा ऑक्टॅगन, म्हणजे मधोमधचा आठ कोनी मनोरा, दुसरीकडे कुठेच नाही.

झालं काय, की १०८३ ला नॉर्मन काळात हे बांधायला घेतलं, मधोमध चार खांबांवर भलामोठा दगडी टॉवर, आणि फेब्रुवारी १३२२ मध्ये एका रात्री तो अख्खा कोसळला. शेजारी लेडी चॅपलचा (मदर मेरीच्या नावाचं छोटं प्रार्थनागृह) पाया खणत होते, त्याने धक्का बसला असावा असं मानतात. तेव्हा हे मठाचं चर्च होतं, आणि मठाच्या इमारतींची जबाबदारी ॲलन ऑफ वॉल्सिंगहॅमकडे होती. त्याच्या जागी कोणीही होता तसाच टॉवर परत उभा केला असता ना? पण इथे ते चार खांब कायमचे काढूनच टाकले, बाहेरच्या बाजूला आठ ठिकाणी भार वाटून दिला, आणि मधे जवळपास २२ मीटर रुंद मोकळी जागा झाली!

एवढ्या रुंदीवर दगडी छत पेलणार कसं, म्हणून मग राजाचा सुतार विल्यम हर्ली आला. ओकचे आठ सरळसोट खांब, प्रत्येक साधारण १९ मीटर लांब, आणि त्यांचा काचेच्या खिडक्यांचा ‘कंदील’, म्हणजे वरून आत उजेड सोडणारा मनोरा, मधे अधांतरी. खालून बघितलं तर छताच्या कमानींनीच तो धरलाय असं वाटतं, आणि त्या कमानी दगडी वाटतात, पण त्या लाकडाच्या आहेत आणि खरा भार त्यांच्या मागे लपलेल्या तुळयांवर आहे. ऑक्टॅगनच्या टॉवरची टूर घेतलीत तर त्या तुळया अगदी जवळून दिसतात, इतक्या जाड की दोन्ही हातांच्या कवेत येत नाहीत. देवदूत रंगवलेल्या फळ्या (त्या मात्र एकोणिसाव्या शतकातल्या) दारासारख्या उघडतात आणि वाकून थेट खाली बघता येतं. मला आजही तिथे भरून येतं, ६८० वर्षांपूर्वीची जोडणी आहे हो ही!

लेडी चॅपल चुकवू नका, रिफॉर्मेशनच्या (सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या) वेळी मूर्तींची डोकी फोडली ती तशीच आहेत. आणि टूरचं तिकीट वेगळं असतं, आधीच काढून ठेवा.