गुजरीत वजन केलेली जीन्स

माझ्या एका दोस्ताचं कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, सोन्याचं दुकान आहे, म्हणजे त्याच्या वडलांचं, हा नुसता गल्ल्यावर बसून मोबाईल बघतो. मागं एकदा त्यांच्या काट्यावर मी जीन्सचा एक तुकडा ठेवला तेव्हा काकांनी चष्म्यावरनं जे माझ्याकडं बघितलं ते अजून आठवतंय. म्हटलं काका, फक्त वजन करायचंय, मोडायला नाही आणलेलं.

झालं असं की ऑनलाईन एक जीन्स मागवली होती. वर्णनात छातीठोकपणे १४ औंस डेनिम लिहिलेलं (औंस म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचं वजन), पैसेपण त्याच हिशोबानं घेतलेले. हातात घेतली आणि मला डाऊट आला, कारण चौदाची जीन्स नवीन असताना जमिनीवर जवळपास आपली आपण उभी राहते, ही तर मऊ. उंची जास्त होती म्हणून खालनं कापून घेतली, आणि त्या उरलेल्या पट्टीतनं ५ बाय २० सेंटीमीटरचा तुकडा काढला. म्हणजे बरोबर १०० चौरस सेंटीमीटर. जेवढे ग्रॅम येतील त्याला शंभरनं गुणलं की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅम, आणि त्याला ३४ नं भागलं की साधारण औंस. किचनमधल्या काट्यावर हे होत नाही, तो एकतर ३ दाखवतो नाहीतर ४, आणि सगळी गंमत पॉईंटच्या पुढं आहे. म्हणून गुजरी.

३.५६ ग्रॅम आलं. म्हणजे साडेदहा औंस. हिशोब सांगितल्यावर काका म्हणाले, 'एवढी घट आम्ही लावली तर गिऱ्हाईक दुकान फोडंल.'

आता साडेदहा काय वाईट नाही. खरं तर मे महिन्यात इथं चौदा औंस घालून फिरणं म्हणजे स्वतःवरच सूड घेणं आहे. पण फसवलं याचा राग आलाच, आणि त्या रागात मी घरी येऊन कपाटातल्या सगळ्या बाद पँटी बाहेर काढल्या आणि कुठली कुठं गेली ते बघत बसलो. बायको म्हणाली पोस्टमार्टम झालं की आवरून ठेव. सहा पँटी होत्या. एकीचंही कापड मधनं, म्हणजे मांडीवर किंवा मागं, फाटलेलं नव्हतं! तीन गेल्या होत्या दोन्ही पायांच्या मधे, जिथं चार शिवणी एकमेकीला भेटतात तिथं, आपण गाडीवर टांग टाकतो तेव्हा सगळा ताण तिथंच येतो आणि वर सीटवर घासतं ते वेगळंच. दोघींचे खिसे किल्ल्यांनी खाल्लेले. आणि सहावी स्ट्रेचवाली, तिच्यातलं ते रबरासारखं इलॅस्टेन उन्हात आणि गरम पाण्यात मरून गेलेलं, गुडघ्याला कायमचे फुगे. मग औंस औंस करत मी इतकी वर्षं काय बघत होतो, हा प्रश्नच आहे.

जीन्सच्या खिशाला ती तांब्याची रिबीट असते ना, ती याच कारणानं आली. अमेरिकेत नेवाडातल्या रेनो गावात जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता, कामगारांच्या पँटी सारख्या खिशाच्या कोपऱ्यात फाटायच्या म्हणून त्यानं तिथं रिबिटी ठोकायला सुरुवात केली. पेटंटला पैसे नव्हते, म्हणून ज्याच्याकडनं कापड घ्यायचा त्या लेव्ही स्ट्रॉसला पत्र लिहिलं, आणि २० मे १८७३ ला दोघांना मिळून पेटंट मिळालं. म्हणजे डोकं शिंप्याचं आणि नाव कापडवाल्याचं. असो.

तर त्यानंतर मी तयार पँट घेणं जवळजवळ बंदच केलंय. कॉटन ड्रिलचं कापड आणतो, ते तिरक्या विणीचं खाकीसारखं, आणि शाहूपुरीत आमचे टेलर आहेत त्यांच्याकडं टाकतो. पहिल्यांदा माझी यादी ऐकून ते हैराण झाले होते. दोरा पॉलिस्टरचा पाहिजे, कॉटनचा नको कारण घामानं तो आधी कुजतो. मधल्या शिवणीला दुहेरी टीप. पायांच्या मधे वेगळा चौकोनी तुकडा बसवा, आमच्या आज्जाच्या लेंग्याला असायचा तसा, म्हणजे चारही शिवणी एका ठिकाणी येत नाहीत आणि ताण वाटला जातो. आणि खिशाचं कापड ते पातळ अस्तरासारखं नको, पँटच्याच कापडाचं करा. त्यांनी टेप गळ्यात टाकली आणि शांतपणे विचारलं, 'पँट शिवायची हाय का ताडपत्री?' पण शिवली. तीन वर्षं झाली, खिशात गाडीची, घराची, ऑफिसची अशा सगळ्या किल्ल्या एकत्र असतात आणि अजून एक भोक नाही. परवा गेलो तर म्हणतात ते चौकोनाचं दुसऱ्या दोघा गिऱ्हाईकांनापण सुचवलं. कमिशन मागावं काय विचार चाललाय.

बॅगेचं दुखणं वेगळं. तिथं लोक डेनियर विचारतात, मीपण विचारायचो. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितका डेनियर, म्हणजे १००० डेनियरचा ९ किलोमीटर धागा बरोबर एक किलो भरणार. ऐकायला लई भारी. अशीच एक हजारी नायलॉनची बॅग मी दणकून पैसे मोजून घेतली, कुणाची ते सांगत नाही, आणि तिसऱ्या पावसाळ्यात ती आतनं चिकट व्हायला लागली. वास यायला लागला, मग पांढरे पापुद्रे पडायला लागले, डब्याला, वहीला, चार्जरला, सगळ्याला कोंडा लागल्यासारखा. कापड आजपण नवंकोरं आहे! गेलं ते आतलं कोटिंग. पाणी आत येऊ नये म्हणून कापडाला मागनं पॉलियुरेथेनचा थर देतात आणि ओल आणि ऊब मिळाली की हाच थर हळूहळू सडतो. आता जून ते सप्टेंबर आपल्याकडं ओल सोडून काय असतं, त्यात मी शहाण्यानं गगनबावड्याला जाऊन आल्यावर ती ओलीच घडी करून कपाटात कोंबलेली. ती चूक माझीच. म्हणून आता पाण्यासाठी वेगळं कव्हर ठेवतो, आणि बॅग भिजली की उलटी करून पंख्याखाली टांगतो, मग घरचे काय बोलायचं ते बोलूदेत. कॅनव्हास घे म्हणणारे पण भेटतात, त्यांनी पावसाळ्यात एक आठवडा वापरून दाखवावी, भिजली की दुप्पट जड आणि वाळायच्या आत बुरशी.

लक्ष्मीपुरीत एक मामा बसतात बॅगा दुरुस्त करायला. त्यांच्याकडनं मी जेवढं शिकलो तेवढं दहा वर्षं व्हिडिओ बघून शिकलो नाही. कुठलीपण बॅग हातात आली की पहिल्यांदा उलटी करतात. पट्टा जिथं पाठीला जोडलाय तिथं नुसती एक सरळ टीप असली तर तोंडानं 'च्च' करतात, चौकोन मारून आत फुली मारलेली असली तर काय बोलत नाहीत, हेच त्यांचं कौतुक. चेन बिघडली म्हणून आपण बॅग टाकून देतो, पण दहातल्या आठ वेळा चेन ठणठणीत असते, रनरचं तोंड सैल झालेलं असतं, म्हणून मागनं दात उघडे राहतात. पकडीनं हलका दाब दिला तर काही महिने निघतात, नाहीतर रनर बदलायचा, किरकोळ खर्च. फक्त चेन नीट मापाची पाहिजे. पाच नंबर, आठ नंबर, दहा नंबर म्हणतात ते म्हणजे बंद दातांची रुंदी अंदाजे तेवढे मिलिमीटर. मोठ्या कप्प्याला पाच नंबर दिसली की मी बॅग खाली ठेवतो, दुकानदार डेनियरचा पाढा म्हणत असला तरी.

आणि हो, चपलेचं विचारणारच कुणीतरी, कोल्हापूरचा आहे म्हटल्यावर. २०१९ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, शिलाई कातड्याच्याच वादीची, सगळं खरं आहे आणि माझी कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) सात वर्षांची आहे. पण ती सात वर्षं टिकली कारण जूनला ती पायातनं निघते आणि दसऱ्याला परत येते. मधे रबरी. बाहेरगावचे लोक हौसेनं चप्पल लाईनीवरनं घेतात आणि पहिल्याच पावसात घालून तळ फुगवून बसतात, मग म्हणतात टिकत नाही. कातडं आहे, पाणी पिणारच. तेल मात्र लावायचं, उन्हाळ्यात दोनदा, आणि सावलीत वाळू द्यायचं.

ती सडलेली हजारी बॅग सध्या मामांकडंच आहे. सगळं कोटिंग खरवडून काढून आत नवीन अस्तर घालतो म्हणालेत, बाहेरचं कापड टाकायचं त्यांच्यापण जीवावर आलं. शनिवारी बोलावलंय. येताना पिशवी घेऊन या म्हणाले, पाऊस असला तर बॅग त्यात घालून न्या.

ती अडीचशे ग्रॅमची फुकटात मिळालेली किराणा दुकानाची कापडी पिशवी शोधतोय आता. आई म्हणते लग्नाच्या आधीपासनं आहे.