बंद ठेवलेले माग

एप्रिलमधल्या एका दुपारी बेळगावच्या वडगावातनं एक बाई आणि त्यांची आठवीत जाणारी मुलगी माझ्या जनावरांच्या दवाखान्यात आल्या. मुलीच्या हातात चपलांचा खोका होता आणि आईच्या पिशवीत दोन पत्रकं. उन्हाळी शिबिराची.

"डॉक्टर, हिला प्राण्यांचं भारी वेड. ह्यातलं कुठलं बरं ते सांगा, पैसे भरायचे आहेत."

मी आधी खोका उघडला. आत खारीचं पिल्लू होतं, डोळेही न उघडलेलं. पावसाळ्याआधी कौलं शाकारायला माणसं लावली होती, त्यात आढ्याजवळचं घरटं सुटून खाली आलं. दोन पिल्लं जागेवरच गेली, हे एक उरलं. मुलीनं घरट्याचा तुकडाही जपून आणला होता. नारळाचा काथ्या, कापूस आणि मधूनमधून लाल-हिरवे धागे. घरात चार माग चालतात. खारीनं तेच सूत नेऊन पिल्लांना अंथरलं होतं.

"दूध पाजलंय काय?"

"होय. गाईचं, ड्रॉपरनं," मुलगी म्हणाली.

तिला रागवावंसं वाटलं नाही, सगळे हेच करतात. पण पिल्लाचं पोट फुगलं होतं आणि नाकाशी दुधाचा बुडबुडा होता. गाईचं दूध त्याला पचत नाही, आणि ड्रॉपरनं घाईनं पाजलेलं फुप्फुसात उतरतं. शिवाय पिल्लू गार पडलेलं. गार पिल्लाला काहीही पाजलं तरी अंगी लागत नाही. आधी ऊब द्यायची, बाकी सगळं नंतर. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मी त्याच्याशेजारी ठेवली. अर्ध्या तासात ते वळवळायला लागलं.

"मी वाढवू काय ह्याला?"

"ह्याची आई आहे ना घराजवळ?"

"सकाळपासून ओरडत फिरतीय. पण माणसाचा वास लागला की घेत नाही म्हणतात."

खारीच्या बाबतीत ते खरं नाही. बहुतेक वेळा तिचं दुसरं घरटं जवळपास असतंच, आणि पिल्लू उबदार व जिवंत दिसलं तर ती उचलून नेते. मी दवाखाना बंद केला आणि त्यांच्याबरोबर वडगावला गेले. इतक्या वर्षांत एका खारीसाठी दवाखाना बंद केल्याचं मला आठवत नाही. पण त्या मुलीला हे हातात घेऊन शिकण्यासारखं नव्हतं, बघून शिकण्यासारखं होतं, आणि ती संधी मला घालवायची नव्हती.

शेवग्याच्या बुंध्याशी खोका ठेवला, बाटलीसकट. मागांची खटखट इतकी, की खार भिंतीवरनं खाली उतरायला तयार नव्हती. मुलीच्या वडिलांना मी बिचकतच विचारलं. माग बंद म्हणजे तेवढी मजुरी गेली. ते काही बोलले नाहीत, आत गेले आणि एकेक करून चारही बंद केले.

मग आम्ही पडवीत बसलो. पहिल्या दहा मिनिटांत मुलगी दोनदा उठली, दोनदा मी तिला खुणेनं बसवलं. पिल्लू चिरकायला लागलं तेव्हा मात्र ती उठली नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. ते हात मला अजून दिसतात. खार फांदीवर आली, परत गेली. पुन्हा आली, खोक्याच्या कडेपर्यंत येऊन पळाली. कौलांवरनं शेजारचं मांजर येतंय का, हे बघायला वडील अंगणात काठी घेऊन उभे. सव्वा तासानं ती खोक्यात उतरली, पिल्लाला पोटाच्या कातडीशी धरून उचललं, पिल्लानं तिच्या मानेला वेटोळं घातलं आणि दोघं शेजारच्या माळ्यात दिसेनाशी झाली. कुणीच बोललं नाही. मुलगी रडत होती.

चहा घेताना पत्रकं बाहेर काढली. पहिलं जवळच्याच एका रिसॉर्टचं. फोटोत कान धरून उचललेला ससा, पोराच्या खांद्यावर पोपट. 'हाताळण्याचा आनंद' असं मोठ्या अक्षरात. आईला तेच आवडलं होतं. मी त्यांना मागच्या उन्हाळ्यातला ससा सांगितला. असल्याच एका शिबिरातनं आला होता. दिवसभर पोरांच्या हातांतनं फिरला, घाबरून झटका मारला आणि पाठीचा कणा मोडला. सशाचे मागचे पाय जोरकस असतात आणि हाडं हलकी, नीट धरलं नाही तर असं होतं. मागचे पाय ओढत आलेल्या त्या सशाला मी वाचवू शकले नाही. आणि आपल्याकडचा पोपट तर घरात पाळायलाच 1972 च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे. जे शिबिर पोरांना तो खांद्यावर देतं, ते त्यांना काय शिकवणार?

दुसरं पत्रक म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयाचं. मुलीचे मामा तिथं नोकरीला, सकाळी सोडून संध्याकाळी आणायची सोय होती. 1892 मध्ये सुरू झालेलं ते संग्रहालय आज राज्याचं प्राणिसंग्रहालय प्राधिकरण चालवतं. तरी मी म्हटलं, नावावर जाऊ नका, फोन करून विचारा. एका शिकवणाऱ्यामागे मुलं किती? जनावरांची रोज देखभाल करणारी माणसं स्वतः मुलांशी बोलतात काय? खाण्याआधी हात धुवायला लावतात काय? आणि मूल हट्टानं म्हणालं, मला हात लावायचाय, तर काय करता? ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यात आधी ऐकेन.

त्याआधी एक दिवस तिला भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात न्या, असंही सांगितलं. हायवेवरच आहे, सिंह-वाघ आहेत. एकाच पिंजऱ्यासमोर अर्धा तास उभी राहते का ते बघा. वडील म्हणाले, "आज बघितलं की."

मुलीची काळजी वेगळीच होती. "तिथं सगळं कन्नडमध्ये असणार. माझं कन्नड बाजारातलं."

"खारीला काय म्हणतात?"

"अळिलु."

"मग झालं की."

मे महिन्यात एका संध्याकाळी त्या बाई भाजी मंडईत भेटल्या. लेकीचा फोन चालू होता, त्यांनी स्पीकरवर टाकला. "आज कुठल्या प्राण्याला हात लावायला मिळाला गं?" त्यांनी विचारलं.

पलीकडनं वैतागलेला आवाज आला. "आई, तसं नसतंय ते."