तुम्ही विचारलंत म्हणून : विल्सनला खुर्ची कशासाठी हवी होती?

पहिलं महायुद्ध शिकवायला घेतलं की एक प्रश्न हमखास येतो. वर्गात येतो, आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या काकांकडूनही येतो. १९१६च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत तेव्हाचा अध्यक्ष वूड्रो विल्सन याच्या पक्षाने ‘यांनी आपल्याला युद्धाबाहेर ठेवलं’ असं सांगत मतं मागितली. नोव्हेंबरात तो पुन्हा अध्यक्ष झाला आणि एप्रिलमध्ये जर्मनीशी युद्ध पुकारा म्हणून काँग्रेससमोर, म्हणजे अमेरिकी संसदेसमोर, उभा राहिला. मग हा माणूस ढोंगीच ना? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘आता बोला’ असा भाव असतो.

बोलतो. ढोंगी म्हणायला माझी हरकत आहे, पण निर्दोष म्हणून त्याला सोडायलाही मी तयार नाही. आरोप आहे, फक्त तो एप्रिल १९१७वर ठेवू नका.

४ ऑगस्ट १९१४ रोजी विल्सनने तटस्थता जाहीर केली. दोनच दिवसांनी त्याची पत्नी एलेन वारली. त्याच महिन्यात त्याने देशवासीयांना कृतीतच नव्हे तर विचारांतही निःपक्षपाती राहा असं आवाहन केलं. ते भाबडं वाटतं, पण त्या अमेरिकेत तीनातला एक माणूस स्वतः परदेशात जन्मलेला किंवा परदेशातून आलेल्या आईबापांचा होता. मिलवॉकीतले जर्मन, बॉस्टनमधले इंग्रजांवर दात धरून असलेले आयरिश, शिवाय इंग्लंडला मायदेश मानणारे जुने घराणेदार. बाजू घेतली तर भांडण घरातच पेटणार होतं.

मात्र ही तटस्थता कागदावर होती, गोदीवर नव्हती. ब्रिटिश आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली, तेव्हा अमेरिकी माल जाणार तो एकाच बाजूला. १९१४ साली ब्रिटन-फ्रान्सच्या गटाला सुमारे ८२ कोटी डॉलरची निर्यात होती, ती १९१६पर्यंत ३२० कोटींवर गेली. जर्मनीच्या गटाशी असलेला सुमारे १७ कोटींचा व्यापार जेमतेम एका कोटीच्या दहाव्या हिश्श्यावर आला. परराष्ट्रमंत्री ब्रायनने सुरुवातीलाच बजावलं होतं की लढणाऱ्यांना कर्ज देऊ नका, पैसा हीच सगळ्यात वाईट रसद. ऑक्टोबर १९१५पर्यंत मॉर्गन पेढीने ब्रिटन आणि फ्रान्ससाठी ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं केलं होतं.

त्याआधी, ७ मे १९१५ रोजी, आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडवली. ११९८ माणसं गेली, त्यांत १२८ अमेरिकी. विल्सनने जर्मनीला कडक खलिते पाठवले. ब्रायनचं म्हणणं असं की लढणाऱ्या देशाच्या जहाजावरून अमेरिकी माणसांनी प्रवासच करू नये, आणि खलिता पाठवायचा तर नाकेबंदी करणाऱ्या ब्रिटनलाही पाठवा. दुसऱ्या खलित्यावर सही करण्याऐवजी त्याने जूनमध्ये राजीनामा दिला. वर्तमानपत्रांनी त्याची टर उडवली. माझ्या मते त्या मंत्रिमंडळात नाकासमोरचं नीट दिसत होतं ते त्यालाच. विल्सनचा युक्तिवाद वेगळा होता: ब्रिटिश माल अडवतात, त्याची भरपाई नंतर कोर्टात मिळते, जर्मन माणसं मारतात. युक्तिवाद खोटा नाही. पण त्यावर उभं राहिलं की पुढचं पाऊल आपल्या हातात उरत नाही. मार्च १९१६मध्ये ‘ससेक्स’ बोटीवर टॉर्पेडो पडल्यावर विल्सनने संबंध तोडण्याची धमकी दिली आणि मे महिन्यात जर्मनी नमली. तिथून अमेरिका युद्धात उतरणार की नाही, हे बर्लिन ठरवणार होतं.

निवडणुकीतली ती घोषणा याच दिवसांतली. तिच्यात झालेल्या गोष्टीचा अभिमान होता, पुढची हमी नव्हती, आणि विल्सन स्वतः ती वापरायला कचरत होता. शेवटी कॅलिफोर्नियातल्या चारएक हजार मतांनी त्याला तारलं.

पुढे सगळं भराभर घडलं. २२ जानेवारी १९१७ रोजी सिनेटसमोर विल्सन म्हणाला की कोणाच्याही विजयाविना झालेली शांतताच टिकेल. नऊ दिवसांनी जर्मनीने कळवलं की उद्यापासून पाणबुड्या कोणालाही सोडणार नाहीत. अमेरिकी सैन्य पोहोचायच्या आत ब्रिटनला उपाशी पाडू, असा त्यांचा हिशेब. मग जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमानने मेक्सिकोला पाठवलेली तार उघडकीस आली. मेक्सिकोने आमची बाजू घेतली तर टेक्सस, न्यू मेक्सिको आणि अ‍ॅरिझोना परत मिळवायला मदत करू, असा तिचा मजकूर. तार बनावट आहे म्हणायची सोय होती, पण झिमरमानने स्वतःच ती खरी असल्याचं सांगून टाकलं. मार्चच्या मध्यावर तीन अमेरिकी जहाजं बुडाल्याची बातमी एकदमच आली.

इतकं सांगितलं की काका मान डोलावतात : म्हणजे नाइलाज झाला. तेवढंच नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस युद्धविरोधी मंडळी विल्सनला भेटायला गेली, त्यांत शिकागोच्या हल हाउस या समाजसेवी संस्थेच्या जेन अ‍ॅडम्स होत्या. तो काय म्हणाला ते त्यांनी पुढे लिहून ठेवलं. युद्धात सामील झालेल्या देशाचा प्रमुख म्हणून आपल्याला तहाच्या टेबलाशी खुर्ची मिळेल, तटस्थ राहिलो तर फार तर दाराच्या फटीतून ओरडता येईल. त्याच्या सगळ्या परराष्ट्र धोरणातलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य मला वाटतं. जग लोकशाहीसाठी सुरक्षित केलं पाहिजे, हे २ एप्रिलचं वाक्य इतिहासाच्या पुस्तकांत गेलं, पण त्यामागचं गणित फटीचं होतं. सिनेटने ८२ विरुद्ध ६ आणि प्रतिनिधिगृहाने ३७३ विरुद्ध ५० मतांनी होकार दिला.

म्हणजे तह घडवायला तो युद्धात गेला. म्हणून मी त्याला एप्रिल १९१७वरून नाही, तहावरून जोखतो.

डिसेंबर १९१८मध्ये तो स्वतः बोटीने युरोपला निघाला. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत दोन्ही सभागृहं विरोधी रिपब्लिकन पक्षाकडे गेली होती, आणि तह मंजूर करायला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागणार होती. तरी त्याच्या पाच जणांच्या शिष्टमंडळात एकही सिनेटर नव्हता. रिपब्लिकन एकच, हेन्री व्हाइट नावाचा निवृत्त राजदूत, ज्याला पक्षात फारसं वजन नव्हतं.

आपली माणसंही त्या दारापर्यंत गेली होती. ब्रिटिश पत्रकार चिरोल याच्यावर घातलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. आपल्या राष्ट्रीय काँग्रेसने दिल्लीच्या अधिवेशनात पॅरिसच्या तह परिषदेसाठी निवडलेल्या प्रतिनिधींत त्यांचं नाव होतं, पण ब्रिटिश सरकारने तिथे जाऊ दिलं नाही. जानेवारी १९१९मध्ये टिळकांनी फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो आणि विल्सन यांना लिहून भारतासाठी स्वयंनिर्णय मागितला. विल्सनच्या चिटणिसाचं उत्तर आलं : या प्रश्नाचा विचार योग्य वेळी योग्य अधिकारी करतील. सरकारी कचेरीत चार फेऱ्या मारलेल्या कोणालाही हा सूर ओळखीचा वाटेल. युद्धात दहा लाखांहून जास्त भारतीय समुद्रापार गेले होते. व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीने सह्या झाल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या.

अमेरिकी सिनेटमध्ये रिपब्लिकनांचा नेता हेन्री कॅबट लॉज याने या तहाला चौदा अटी घातल्या. मुख्य मुद्दा तहातून उभ्या राहणाऱ्या राष्ट्रसंघ या देशांच्या संघटनेच्या दहाव्या कलमाचा, म्हणजे दुसऱ्या देशाच्या रक्षणासाठी काँग्रेसला न विचारता अमेरिका बांधली जाणार का, हा. शंका रास्त होती. विल्सन तडजोडीऐवजी लोकांना पटवायला रेल्वेने पश्चिमेकडे गेला, कोलोरॅडोतल्या प्वेब्लोमध्ये कोसळला आणि ऑक्टोबर १९१९मध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळला. अटींसह तह मंजूर करू नका, असा निरोप त्याने तिथूनही आपल्या पक्षाला दिला. १९ मार्च १९२० रोजी बाजूने ४९ मतं पडली, विरोधात ३५. सात मतं कमी पडली. विरोधातल्या ३५ पैकी २३ मतं विल्सनच्याच पक्षाची होती.

याला काका पुन्हा ढोंगच म्हणतील. मी हट्ट म्हणतो, आणि अध्यक्षाचा हट्ट मला ढोंगापेक्षा महाग वाटतो, कारण ढोंगी माणसाने अटी मुकाट्याने गिळून सही मिळवली असती. राष्ट्रसंघ अमेरिकेविना चालू झाला. जर्मनीशी युद्ध संपल्याचा ठराव पुढचा अध्यक्ष हार्डिंग याने जुलै १९२१मध्ये न्यू जर्सीत सही करून मंजूर केला, गोल्फचा डाव मध्येच थांबवून.