तुम्ही विचारलंत म्हणून: शांपूशिवाय केस स्वच्छ होतात का?

मी शांपू वापरत नाही हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग केस नीट स्वच्छ होतात का? आणि लावता तरी काय?" उत्तर बहुतेक वेळा घाईत, उभ्या उभ्या द्यावं लागतं, आणि ते अर्धवट ऐकून लोक डोक्याला भलतंच काही लावतात. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

हो, स्वच्छ होतात. मी रिठा आणि शिकेकाई वापरते. पण 'नैसर्गिक शांपू' म्हणून जी भलीमोठी यादी सगळीकडे फिरत असते, तिच्यातल्या निम्म्याहून जास्त गोष्टी केस धूतच नाहीत. वस्तू झाडाची आहे की कारखान्यातली, हे नंतर बघा. ती तेल काढते का, हे आधी बघा.

टाळूतल्या ग्रंथींमधून सीबम नावाचा तेलकट स्राव सतत पाझरत असतो. धूळ आणि मृत त्वचेचा कोंडा त्याला चिकटून बसतो. नुसत्या पाण्याने घाम जातो, वरवरची धूळही जाते, तेल मात्र जागचं हलत नाही. त्याला असा रेणू लागतो, ज्याचं एक टोक तेलाला धरून ठेवतं आणि दुसरं पाण्याला. शांपूत हे काम सोडियम लॉरेथ सल्फेटसारखे पदार्थ करतात. रिठ्याच्या टरफलात आणि शिकेकाईच्या शेंगेत हेच काम सॅपोनिन करतं. पाण्यात कुस्करल्यावर फेस येतो तो त्याचाच. शिकेकाईला फेस बेताचा येतो, म्हणून ती कमी धुते असं समजू नका.

आता बाकीची यादी. भिजवलेली मेथी, कोरफडीचा गर, जास्वंदीची पानं यांच्यात बुळबुळीत चिकट द्रव असतो. त्याने केसांवर मऊ थर बसतो, गुंता सुटतो. म्हणजे हे सगळं कंडिशनरच्या जागी उत्तम, धुण्यासाठी फारसं उपयोगाचं नाही. आवळ्याचंही तसंच, त्यात आम्ल आणि टॅनिन असतं, तेल काढण्याची ताकद नसते. मुलतानी माती तेल शोषून घेते खरी, पण कोरड्या केसांचा अगदी राठ झाडू करून टाकते. बेसनही तेल ओढतं, आणि मग दाट केसांतून ते काढता काढता पुरेवाट होते.

खाण्याच्या सोड्याबद्दल मात्र मी हात जोडून सांगते, नको. टाळूचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) साधारण 5.5 असतो, म्हणजे किंचित आम्ल. सोड्याच्या पाण्याचा सामू 8 च्या वर जातो. अशा अल्कलीने केस फुगतो, त्याच्यावरचे खवले उघडतात, एकमेकांत अडकतात आणि विंचरताना केस तुटतात. पहिल्या एक-दोन धुण्यांत केस झकास मोकळे वाटतात, त्यामुळे लोक भुलतात. 'हर्बल' लिहिलेल्या साबणाच्या वडीचंही हेच. साबणाचा सामू 9 ते 10 असतो, शिवाय जड पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी त्याचा संयोग होऊन केसांवर चिकट पांढुरका साका बसतो. 1930च्या दशकात साबण नसलेले शांपू बाजारात आले, ते याच साक्यावरचा उपाय म्हणून. तेव्हा शांपू सोडून साबणाकडे जाणं हे निसर्गाकडे जाणं अजिबात नाही. रिठ्या-शिकेकाईचा असा साका होत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर हा मला फार मोठा फायदा वाटतो.

करायचं कसं? रिठे फोडून बिया टाकून द्यायच्या, कारण धुणारा भाग टरफलात असतो. मध्यम लांबीच्या केसांना पाच-सहा रिठे आणि मूठभर शिकेकाईच्या शेंगा मला पुरतात. रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या, सकाळी मंद आचेवर उकळायच्या, गार झाल्यावर हाताने कुस्करून फडक्याने गाळायच्या. गाळण्याचा कंटाळा करू नका. थेट पावडर लावली की तिचे कण केसांत अडकून राहतात आणि मग 'याने कोंडा झाला' असं वाटतं. पाणी केसांच्या टोकांवर ओतत बसण्यापेक्षा टाळूवर ओतायचं, बोटांच्या पेरांनी चोळायचं आणि भरपूर पाण्याने काढायचं. आदल्या रात्री तेल चोपडलं असेल तर एकदा लावून ते निघत नाही. दोनदा लावावं लागतं किंवा मुळात तेलच कमी लावावं.

डोकं मागे टाकूनच धुवा. रिठ्याचं पाणी डोळ्यात गेलं तर भयंकर झोंबतं आणि डोळे बराच वेळ लाल राहतात. लहान मुलांच्या बाबतीत म्हणूनच मी रिठा सुचवत नाही. वनस्पतीतलं आहे म्हणून सौम्य असेलच, हा समज धोक्याचा आहे. सॅपोनिन माशांना विषारी असतं, म्हणून हे पाणी तळ्यात किंवा ओढ्यात सोडू नये. काढाही टिकत नाही, त्यात टिकाऊपणासाठी काहीच घातलेलं नसतं. फ्रीजमध्ये ठेवलात तरी दोन-तीन दिवसांत संपवा. वास बदलला की सरळ फेकून द्या.

आणखी एक गोष्ट नेहमी कानावर येते: 'काही आठवडे धुऊ नका, टाळूला सवय होते आणि तेल सुटणं कमी होतं.' यावर माझा विश्वास नाही. सीबम किती सुटायचं हे मुख्यतः हार्मोन ठरवतात, आपण डोकं कशाने आणि कितीदा धुतो ते नाही. उलट ज्यांना मालासेझिया या बुरशीमुळे कोंडा होतो, त्यांच्या टाळूवर तेल साचू देणं म्हणजे त्या बुरशीला खाऊ घालणं. अशांनी डॉक्टरांनी दिलेला कीटोकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाचा शांपू आधी पूर्ण वापरावा. रिठा कुठे पळून जात नाही.

सुरुवात करायची असेल तर कोपराच्या आतल्या बाजूला रिठा-शिकेकाईचं थोडं पाणी लावून एक दिवस थांबा. खाज किंवा लाली आली नाही तर डोक्याला लावा. केस वाळल्यावर टाळूवरून बोट फिरवून बघा: बोट तेलकट झालं तर पुढच्या वेळी रिठा एखाद-दुसरा वाढवा, टाळू ओढल्यासारखी वाटली तर रिठा कमी करून शिकेकाई वाढवा.