कोथिंबीर राहिलीच

आज आठवडी बाजारात कोथिंबीर घ्यायला गेले आणि एका टोपलीपाशी थबकले. वर ओलं फडकं, आत दाटीवाटीने पोपटाची दहा-बारा पिल्लं. धड पिसंही फुटलेली नाहीत. "घ्या ताई, महिन्याभरात बोलायला लागेल!"

बाजूला जाऊन १९२६ ला, म्हणजे वनविभागाच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तासाभराने वनरक्षक आणि पोलीस आले. विकणारा तोवर पसार, टोपली मात्र तिथेच. पंचनाम्याला पंच कोण? मी, आणि आमच्याच सोसायटीतले एक काका.

आपला साधा कंठीवाला पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो. पकडणं, विकणं, घरात पाळणं, सगळाच गुन्हा. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. (लव्हबर्ड्स परदेशी, त्यांचं प्रकरण वेगळं.) वनरक्षक हे सांगत होते आणि काका एकदम गप्प. त्यांच्या गॅलरीत मिठू आहे, कित्येक वर्षांपासून.

पिल्लं लगेच सोडता येत नाहीत. आधी उपचार केंद्र, खाणंपिणं, पंखांत बळ आलं की मग रान.

सही करून निघताना काकांनी हळूच विचारलं, "तो नंबर काय म्हणालीस गं?"