पिशवी टेबलावर रिकामी केली तेव्हा

ती आली ती गॅसची तक्रार घेऊन. "पोट फुगतं हो, गॅसवर काहीतरी द्या," एवढंच मागणं.

मी हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. औषधांच्या शंका घेऊन येणाऱ्यांसाठी ओपीडीत एक छोटी खोली आहे, तिथे बसते. माझा नियम एकच: जे जे घेता ते सगळं पिशवीत घालून आणा, ज्याला तुम्ही औषध म्हणत नाही तेसुद्धा.

तिची पिशवी जड होती. आधी कोलेस्टायरामीनच्या, म्हणजे आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवणाऱ्या औषधाच्या पुड्या निघाल्या. मग कोळशाच्या, म्हणजे ॲक्टिव्हेटेड चारकोलच्या कॅप्सूल, बेंटोनाइट मातीची बरणी, क्लोरेला या शेवाळाच्या हिरव्या गोळ्या, नुकताच घेतलेला ईसबगोल. आणि अगदी तळाशी, चुरगळलेल्या पाकिटात, थायरॉईडच्या गोळ्यांची पट्टी.

घरातल्या भिंतीत ओल, कपाटामागे काळी बुरशी, नाक कायम चोंदलेलं, डोकं जड. कुणीतरी तिची लघवी तपासून घेतली, त्यात बुरशीची विषं सापडली, आणि ती बांधून बाहेर काढायला 'बाइंडर' सुरू झाले. कोलेस्टायरामीन ४ ग्रॅम, दिवसातून चार वेळा. (अशी विषं धान्यातून वगैरे थोडीफार सगळ्यांच्याच पोटात जातात, त्यामुळे ती निरोगी माणसाच्या लघवीतही सापडतात. पण हे तिला तिथल्या तिथे ऐकवून काय साधणार होतं?) दुसऱ्या आठवड्यापासून पोट गच्च. तसं कळवलं तर उत्तर आलं, "टॉक्सिन सुटतायत, एवढा त्रास व्हायचाच." मग कोळसा वाढला, मग माती. पुढे थकवा वाढला, थंडी वाजायला लागली, केस गळायला लागले, बोलताना शब्द आठवेनात. ते सगळं त्या सुटणाऱ्या टॉक्सिनच्याच खात्यावर जमा होत गेलं.

मी विचारलं, "शौचाला शेवटचं कधी झालं?"

"सहा दिवस झाले. त्याआधीही लेंड्याच."

"उलटी? वारा सरतो का?"

उलटी नव्हती, वारा सरत होता. तरी तिचं पोट पाहून मी खुर्चीतून उठले. वर तिने ईसबगोलची पुडी पुढे केली: "हे आजपासून घेऊ ना?" तुंबलेल्या आतड्यात ईसबगोल घालणं म्हणजे जाम झालेल्या रस्त्यावर आणखी गाड्या सोडणं. ती पुडी मी माझ्याकडे ओढून घेतली आणि तिला फिजिशियनकडे घेऊन गेले.

एक्स-रेमध्ये मोठं आतडं मळाने भरलेलं, पण अडथळा नाही. आधी एनिमा, मग मॅक्रोगॉल, म्हणजे मळ मऊ करणारं औषध. रक्त घेतलं तेव्हा मीच म्हटलं, टीएसएच पण लावा. ही थायरॉईडची तपासणी, थायरॉईड कमी पडलं की हिचा आकडा चढतो. संध्याकाळी आकडा आला: ३८. वर्षभरापूर्वीच्या रिपोर्टात तो २ च्या आसपास होता, गोळी तीच, डोसही तोच.

कोलेस्टायरामीन रक्तात शिरतच नाही. तो एक रेझिन, म्हणजे न विरघळणारा राळेसारखा पदार्थ आहे, आतड्यात राहतो, स्वतःजवळचा क्लोराइड सोडतो आणि पित्ताम्लं धरून ठेवतो. एरवी यातली जवळजवळ ९५ टक्के पित्ताम्लं लहान आतड्याच्या शेवटाला परत शोषली जातात. जी थोडी मोठ्या आतड्यात उतरतात ती तिथे पाणी ओढतात, हालचाल वाढवतात. रेझिनने ती धरली की मळ कोरडा पडतो. पित्ताशय काढल्यावर ज्यांना जुलाब लागतात त्यांना हेच औषध जुलाब थांबवायला देतात. म्हणजे जुलाब नसलेली ही बाई दिवसातून चार वेळा जुलाबावरचं औषध घेत होती, वर कोळसा आणि माती. पोट तुंबलं नसतं तरच नवल.

आणि रेझिनला कोणतं धरायचं, कोणतं सोडायचं ते कळत नाही. थायरॉईडची गोळीही त्याने धरली. थायरॉईड अति वाढलेल्या रुग्णांत डॉक्टर कधीकधी हेच औषध मुद्दाम देतात, संप्रेरक आतड्यातच पकडलं जावं म्हणून. हिच्याकडे ते नकळत चाललं होतं. थायरॉईड उतरलं की पुन्हा बद्धकोष्ठ, थकवा, डोक्यात धुकं. त्याला 'टॉक्सिन सुटतंय' म्हणायचं आणि बाइंडर वाढवायचा, असं चक्र.

आता माझी गोष्ट. रात्री निघण्यापूर्वी तिचं जुनं रेकॉर्ड उघडलं. कोलेस्टायरामीनची पहिली चिठ्ठी आमच्याच काउंटरवरून गेलेली, आणि समुपदेशनाच्या रकान्यात माझं नाव. 'भरपूर पाण्यात कालवून घेणे. कोरडी पूड गिळू नये. बद्धकोष्ठ होऊ शकते.' एवढंच. थायरॉईडची गोळी ती दुसरीकडून घ्यायची, आमच्या यादीत नव्हती, आणि मी विचारलं नव्हतं. स्क्रीनकडे बघत बराच वेळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात तिच्यासमोर कागदावर घड्याळ काढलं. इतर औषधं रेझिनच्या निदान एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर, थायरॉईडच्या गोळीला तर चार तासांचं अंतर हवंच. चार वेळा पुडी, दोनदा कोळसा, झोपताना माती. सगळं मांडल्यावर त्या घड्याळात गोळीला जागाच उरेना. ते पाहून तीच आधी हसली.

"मग दुसरं काही नाही का?" हा प्रश्न येणारच होता. आहे. त्याच जातीच्या कोलेसेव्हेलामच्या गोळ्या पोटाला बऱ्याच जणांना कमी जाचतात. पण बद्धकोष्ठ त्यांनीही होतं, थायरॉईडची गोळी त्याही धरतात, आणि बुरशीच्या आजारासाठी त्यांना मान्यता नाही. रेझिनची मात्रा कमी करून जोडीला ईसबगोल देतात, पण पोट मोकळं झाल्यावर आणि पाण्यासकट. मातीबद्दल मात्र मी स्पष्ट बोलले: बेंटोनाइटच्या काही उत्पादनांत शिसं सापडलंय, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, २०१६ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता.

बाइंडरची कल्पना हवेतून आलेली नाही. ओक्राटॉक्सिनसारखं बुरशीचं विष पित्तातून आतड्यात येतं आणि पुन्हा शोषलं जातं. उंदरांत रेझिनने ते कमी झाल्याचं दिसलंय. पण ओलसर घरात राहणाऱ्या माणसाला त्याने बरं वाटतं, हे सिद्ध झालेलं नाही. फिजिशियन तिला म्हणाले, "सगळे बाइंडर बंद करू. आधी थायरॉईड जागेवर येऊ दे, मग किती आजार उरतो ते पाहू." नाकासाठी ॲलर्जीची तपासणी केली, बुरशीला ती पॉझिटिव्ह निघाली. नाकात स्टेरॉइडचा स्प्रे सुरू झाला. तिच्या नवऱ्याला सांगितलं: कपाट सरकवा, गळका पाइप शोधा, भिजलेली प्लायवूड फेकून द्या.

आठ आठवड्यांनी ती परत आली. टीएसएच ६ वर, पोट रोज साफ, नाक अर्धंअधिक मोकळं. थकवा बराच कमी, पण गेला नव्हता. मीही सगळं थायरॉईडवर ढकललं नाही. भिंत फोडली तेव्हा आतला पाइप महिनोन्‌महिने पाझरत होता, हे तिने फोटो दाखवून सांगितलं. त्या भिंतीबद्दल तिचं पहिल्यापासून बरोबर होतं.

जाताना पर्समधून उरलेल्या पुड्या काढल्या. "या परत घेता का?"

"घेता येत नाहीत."

"मग दिराला देऊ? त्याचं पित्ताशय काढलंय, सारखे जुलाब होतात. तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"देऊ नका. त्यांना म्हणावं, पिशवी घेऊन या."