शिडी धरणारा

दिवाळीच्या आधी माळा आवरायचा, हा आमच्या घरचा नेम. बाबा वर चढतात आणि मी खाली शिडी धरतो. खरं तर उलटं असायला हवं, पण "तुला कुठे काय ठेवलंय ते माहीत नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या ॲल्युमिनियमच्या शिडीचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारायची आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून उभं राहायचं. कामात काम नाही असं हे काम. डोळ्यांत धूळ पडते, नाक खाजतं, हात मात्र काढता येत नाही. वरून दर दोन मिनिटांनी विचारणा होते, "धरलीयेस ना?"

यंदा तसा उभा असताना मला लेस्ली मॅन्सर आठवला. आदल्या रात्री जागून त्याच्याबद्दल वाचलं होतं, एवढंच निमित्त.

मॅन्सरचा जन्म नवी दिल्लीतला, ११ मे १९२२ चा. वडील इथल्या पोस्ट-तार खात्यात इंजिनियर. मुलगा पुढे ब्रिटिश हवाई दलात बॉम्बर वैमानिक झाला. ३० मे १९४२ च्या रात्री हजारावर विमानं जर्मनीतल्या कोलोनवर निघाली, त्यातलं एक त्याच्या हातात होतं. विसावं वर्ष पुरं होऊन जेमतेम १९ दिवस झालेले. विमान मँचेस्टर जातीचं, दोन इंजिनांचं, आणि त्या इंजिनांचा भरवसा कुणालाच नव्हता. पुढे याच विमानाला वेगळी, चार इंजिनं देऊन लँकेस्टर घडवलं आणि ते गाजलं. मॅन्सरच्या वाट्याला मात्र मूळचंच आलं होतं.

बॉम्ब टाकून झाले आणि विमानाला तोफेचा मार बसला. थोड्या वेळाने डावं इंजिन पेटलं, आग पंखावर पसरली. तेव्हाच सगळ्यांना उड्या मारायला सांगता आलं असतं. हा थांबला. आग विझलीही. पण एका इंजिनावर विमान उंची धरेना, वेग पडत चालला, आणि घर अजून लांब होतं. बेल्जियमवर असताना त्याने साथीदारांना उड्या मारायला सांगितलं. सहवैमानिक बेव्हिस्टॉकने त्याचं पॅराशूट त्याच्यापुढे धरलं. मॅन्सरने हातानेच त्याला 'जा' म्हटलं. बांधत बसला असता तर विमान कलंडलं असतं, आणि अजून सगळे बाहेर पडले नव्हते.

सहाही जण उतरले. विमान ब्रे गावाजवळ कोसळून पेटलं, त्यात हा. सहांपैकी एक पकडला गेला. पाच जणांना बेल्जियन लोकांनी लपवतछपवत पुढे काढून दिलं. इंग्लंडला पोचल्यावर त्यांनी जे सांगितलं, त्यावरून ऑक्टोबरमध्ये मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. वाचलेल्यांनी सांगितलं नसतं तर विमानात शेवटी काय झालं ते कुणाला कळणार?

त्याच रात्री कोलोनमध्ये साडेचारशेहून जास्त माणसं मेली. तिथेही कुणी कुणाला जिन्यावरून, तळघरातून बाहेर काढताना मागे राहिलं असेलच. त्यांचं सांगायला कुणी उरलं की नाही, कोण जाणे. मॅन्सरचं कौतुक वाचताना हे मला बाजूला सारता येत नाही, आणि हे आठवल्यावर त्याचं ते 'जा' म्हणणं लहानही होत नाही. दोन्ही तसंच राहतं.

लिंकनजवळच्या ज्या तळावरून तो उडाला, तिथे आता वस्ती आहे, आणि त्याच्या नावाची प्राथमिक शाळा.

"अरे, धरलीयेस ना?" बाबांनी पितळी समयांचं गाठोडं खाली दिलं. आता ते घ्यायला हात कुठून आणू? आईला हाक मारली, तिने घेतलं. मग बाबा एकेक पायरी चाचपत उतरले, चपला शोधल्या, धोतराच्या जुन्या फडक्याने चष्मा पुसला.

"सोड की आता," ते म्हणाले.